आठ मिलिमीटरच्या ठोकळ्यावरचं कुंकू

"उद्या पूजेला तू बसायचंस," मेहता सर म्हणाले आणि चहाचा कप माझ्याकडे सरकवला.

"सर, मला नाही जमणार."

"का? उद्यापण दाढ काढायची आहे?"

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती, म्हणजे दसऱ्याचा आदला दिवस. अंधेरीच्या एमआयडीसीत त्या दिवशी जवळपास प्रत्येक गाळ्यात मशिनं बंद करतात, धुतात-पुसतात, झेंडूच्या माळा घालतात आणि पूजा करतात. आमच्याकडे रिवाज असा की ज्याच्याकडे टूलरूमचा चार्ज, त्याने पूजेला बसायचं. वर्षानुवर्षं सावंतसाहेब बसत आले. ते जूनमध्ये रिटायर झाले आणि चार्ज माझ्याकडे आला, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर.

दाढेचं सर उगाच बोलले नव्हते. चौदा वर्षं मी खंडेनवमीला रजा टाकत होते आणि अर्जावर कारण लिहीत होते, डेंटिस्ट. एकदा सावंतसाहेबांनी विचारलं होतं, मार्था, तोंडात आता शिल्लक किती राहिले? मी हसून वेळ मारून नेली. दात माझे बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत. मी कॅथलिक आहे, एवढंच कारण होतं.

माझं नाव मार्था लोपीस. नाव ऐकून लोक आधी माझ्याशी इंग्रजीत बोलतात आणि मी मराठीत उत्तर दिलं की दचकतात. माहेर वसई, सासर बोरीवली. आमची प्रार्थना मराठीत होते, चर्चमधला मिस्सा मराठीत होतो, आणि घरातली भांडणं तर मराठीशिवाय होतच नाहीत. कंपनीत सगळ्यांना माझा धर्म ठाऊक होता. पूजा करणार का, हे मात्र कुणी कधी विचारलं नव्हतं आणि मी आपणहून सांगितलं नव्हतं.

उपासना एकाच देवाची करायची, ही आमची पहिली आज्ञा. दुसऱ्याच्या देवाचा मला राग नाही. गणपतीत शेजारच्या घाडीवहिनींकडे मखर लावायला मी दरवर्षी असते, त्यांच्या घरात उकडीच्या मोदकाच्या कळ्या माझ्याइतक्या बारीक कुणाला येत नाहीत. पण हळदकुंकू वाहून हात जोडणं म्हणजे उपासना, आणि ती मी एकाच ठिकाणी करते. इतकी साधी गोष्ट चौदा वर्षांत तोंडातून बाहेर पडली नव्हती. त्या दुपारी सरांच्या केबिनमध्ये पडली.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही. त्यांनी मला समजावलं की पाच मिनिटांचं तर काम आहे. फुलं वाहायची, उदबत्ती ओवाळायची, मनात येशूचं नाव घ्यायचं, कुणाला कळणार आहे?

मी म्हटलं, "सर, न मोजलेल्या डायवर मी सही करते का?"

"नाही."

"तुम्ही सांगितलं तरी?"

"सांगितलंय मी एकदोनदा. तू केली नाहीस."

"मग हेही तसंच आहे. मनात नसताना हात जोडले तर ती न मोजता केलेली सही झाली."

सरांनी कप बाजूला सारला. मग म्हणाले, "माझं काही नाही, मार्था. पण टूलरूममध्ये दहा माणसं आहेत आणि ती परबचं ऐकतात. त्याच्याशी बोल. तो हो म्हणाला तर माझी ना नाही. तो बिथरला तर चार्ज दुसऱ्याला द्यावा लागेल मला. स्टँडर्ड रूम तुझीच राहील."

खोटं कशाला सांगू, मला तो चार्ज हवा होता. आमची कंपनी औषधाच्या गोळ्या दाबणाऱ्या मशिनांचे पंच आणि डाय बनवते. डाय म्हणजे भोक असलेली पोलादी चकती. त्या भोकात औषधाची पावडर पडते आणि वरून-खालून पंच येऊन ती दाबतात, की झाली गोळी. पंच आणि भोक यांच्यातली फट मायक्रॉनमध्ये मोजतात. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून कल्पना करा. मी आयुष्यभर स्टँडर्ड रूममध्ये, म्हणजे मापनाच्या खोलीत, ही मापं तपासली. दुसऱ्यांनी बनवायचं आणि मी चुका काढायच्या, असं चाललं होतं. आता बनवणारं खातं, म्हणजे टूलरूम, माझ्या हाताखाली आलं होतं आणि ते मला सोडायचं नव्हतं.

परब सरफेस ग्राइंडरवर, म्हणजे पोलाद घासून सपाट करणाऱ्या मशीनवर असतो. मूळचा कुडाळकडचा, तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा, टूलरूममधला सगळ्यात जुना हात. त्याच्या उजव्या तर्जनीचं पेर नाही. मी इथे लागायच्या आधी गाळा बदलला त्या वर्षी सामानाच्या हलवाहलवीत पूजा राहून गेली आणि महिन्याभरात ते पेर गेलं. योगायोग म्हणा हवं तर, पण परबसमोर म्हणू नका.

मी त्याला सरळ सांगितलं की मी पूजा करणार नाही आणि का करणार नाही. त्याने मशीन बंद केलं, हात पुसले. कामावर तो एरवी आपल्यासारखं बोलतो, मनाला लागलं की मालवणीत शिरतो.

"माका सांगा मॅडम, तुमका आमच्या देवाचो राग आसा काय?"

"राग नाही परब. पण मला तो माझा देव वाटत नाही आणि तसं सोंग मी केलं तर ती तुमचीच फसवणूक. तुम्ही वर्षभर समजणार की आपली पूजा झालीय. झालेली नसणार."

हे त्याला पटल्यासारखं दिसलं, पण त्याने लगेच कबूल केलं नाही. त्याने विचारलं, सावंतसाहेब पूजेला बसायचे म्हणजे काय करायचे ठाऊक आहे का? मला ठाऊक नव्हतं, मी डेंटिस्टकडे असायचे. मग त्याने सांगितलं. सावंतसाहेब सकाळी सगळ्यांच्या आधी यायचे आणि एकेक मशीन स्वतःच्या हाताने चालवून बघायचे. बरं चाललं की मगच माळ. माणसांना बरं वाटायचं ते त्याने. चार्ज घेतलेल्या माणसाने आपल्या मशीनला हात लावून बघितलंय, एवढं त्यांना हवं होतं.

मी म्हटलं, ते मी करते. प्रत्येक मशीनचं संरक्षक गार्ड आणि लाल बटण, म्हणजे संकटात मशीन एकदम थांबवायचं बटण, मी तपासते आणि लेखी सही करते. फुलं तुम्ही वाहा.

परब म्हणाला, "मग पूजेक मी बसतंय. तुमी मशिना बघा."

मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले. इतकं सोपं होतं तर. तेवढ्यात परब मायेने म्हणाला की तुमच्या खोलीचीही काळजी करू नका. दरवर्षी तुम्ही नसता म्हणून तुमच्या वतीने मीच आत जातो आणि त्या पोलादी ठोकळ्यांना हळदकुंकू लावतो. एक वर्ष चुकवलेलं नाही.

 आणि पाच मिनिटांपूर्वी खरं बोलल्याच्या आनंदात असलेल्या माझ्या तोंडातून निघालं, "या वेळी ती खोली बंद ठेवू. एसी बिघडलाय."

एसी बिघडला नव्हता.

ते ठोकळे काय ते सांगते. त्यांना स्लिप गेज म्हणतात. बिस्किटाच्या तुकड्याएवढे, आरशासारखे गुळगुळीत. प्रत्येकाची जाडी नेमकी ठाऊक असते आणि कारखान्यातली बाकी मापनाची साधनं त्यांच्यावर ठेवून जुळवतात. ते चुकले तर सगळंच चुकतं आणि चुकलंय हे कळतही नाही. म्हणून त्यांची खोली वेगळी, तिथे एसी वीस अंशांवर आणि हवेतला दमटपणा शोषणारं मशीन, डीह्युमिडिफायर, दिवसरात्र चालू. उघड्या बोटाने मी स्वतः त्यांना हात लावत नाही. आणि दरवर्षी दसऱ्यानंतर कामावर आले की मला त्यांच्यावर ओलं लावलेलं कुंकू दिसायचं. मी दार लावून घ्यायचे आणि स्पिरिटने ते पुसत बसायचे. कुणाला काही बोलायचे नाही. ख्रिश्चन बाई कुंकू लावू नका म्हणाली, हे एमआयडीसीत कुठवर जाईल याची मला भीती वाटायची.

या प्रसंगाच्या दोन वर्षं आधी दसऱ्याला जोडून रविवार आला आणि कुंकू तीन दिवस तसंच राहिलं. आठ मिलिमीटरच्या ठोकळ्यावर गंज धरला. मी घाईत वरवर पुसला, उरलेला डाग मला दिसला नाही. त्या ठोकळ्यावर भोक मोजायचं साधन जुळवलं गेलं आणि डायची एक अख्खी बॅच चार मायक्रॉन मोठी गेली. गिऱ्हाइकाने परत पाठवली, पंच ढिला बसतो, पावडर गळते. शोध घेताना मी तो ठोकळा भिंगाखाली धरला. गंजात दोन बोटांचे ठसे स्पष्ट होते.

अशा वेळी गिऱ्हाइकाला रिपोर्ट द्यावा लागतो. त्यात एक रकाना असतो, मूळ कारण. मी लिहिलं, खोलीतला दमटपणा, डीह्युमिडिफायर बंद असल्याची शक्यता. त्या मशीनची देखभाल गायकवाडकडे होती. त्याला लेखी मेमो मिळाला. तो तेव्हा ओरडून सांगत होता की मशीन चालू होतं, आणि मी रजिस्टरमध्ये मान घालून बसले होते.

हा गायकवाड आमचा मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन. घाटकोपरला राहतो, बौद्ध आहे. नोकरीला लागल्या वर्षीच त्याने सावंतसाहेबांना सांगून टाकलं होतं की साहेब, मी पूजा करत नाही. खंडेनवमीला तो कामावर येतो, सगळ्यांबरोबर मशिनं पुसतो, पूजा सुरू झाली की कॅन्टीनमध्ये चहा घेत बसतो आणि जेवणाच्या पंगतीला परत हजर. त्याचं कुणाला काही वाटत नाही. मी हे वर्षानुवर्षं ऐकत होते, आणि तरी अर्जावर दात लिहीत होते.

त्या दिवशी पाचच्या सुमाराला गायकवाड टेस्टर घेऊन माझ्या दारात उभा राहिला. परबने त्याला सांगितलं होतं, एसी बिघडलाय.

"मॅडम, एसी चालू आहे," तो म्हणाला.

मी समोरचं रजिस्टर उघडून त्यात मान घातली.

"तो डीह्युमिडिफायरपण तेव्हा चालू होता."

माझ्याच तोंडून निघालेली थाप तीन तासांत फिरून पुन्हा त्याच माणसाच्या गळ्यात पडली होती. मला खूप लाज वाटली. उद्या सकाळी बोलते, एवढंच मी म्हणू शकले. तो मान हलवून गेला.

घरी संध्याकाळी आम्ही रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना म्हणतो. माझ्या नवऱ्याने, व्हिन्सेंटने, सुरुवात केली आणि माझे मणी काही पुढे सरकेनात. त्याने विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. व्हिन्सेंट बेस्टमध्ये नोकरीला, बोलणं मोजकं. तो म्हणाला, पहिली आज्ञा सांभाळायला तू आठवी मोडत बसलीस की गं. आठवी आज्ञा खोटी साक्ष देऊ नये ही. मला राग आला, कारण त्याचं बरोबर होतं. चौदा वर्षं मी स्वतःला फार निष्ठावान समजत होते. खरं तर मी नुसती लपून बसले होते. आणि लपायला आडोसा घेतला होता तो एका निरपराध माणसाचा. त्या संध्याकाळी मी ठरवलं की उद्या सगळं सांगायचं, अर्धवट नाही. चार्ज गेला तर गेला.

सकाळी साडेसातला मी टूलरूममध्ये होते. परब आधीच आलेला. आम्ही दोघांनी एकेक मशीन घेतलं. गार्ड बसतंय का, बटण दाबल्यावर खरंच थांबतं का. नऊ मशिनं ठीक निघाली. दहाव्या मशीनचं, मिलिंगचं, लाल बटण दाबलं तरी मशीन फिरतच राहिलं. परबचा चेहरा उतरला. गायकवाडला बोलावलं, त्याने बटण उघडलं, आत तेलाचा कीट साचून ते आतच अडकत होतं. अर्ध्या तासात त्याने नवीन बसवलं. मी तीन वेळा दाबून बघितलं आणि मग सही केली. त्यानंतर सगळ्यांनी मिळून मशिनं पुसली, मीही पुसली, साडीला ग्रीस लागलं.

अकराला देवीच्या फोटोसमोर पाट मांडला गेला. सगळे जमले, मेहता सरही खाली आले. गायकवाड कॅन्टीनकडे निघाला होता, त्याला मी थांबवलं. म्हटलं, पूजेआधी दोन मिनिटं मला बोलायचंय.

मी जे सांगितलं त्यात भाषण नव्हतं. एसी बिघडलेला नाही, मी काल खोटं बोलले. माझे दात चांगले आहेत, चौदा वर्षं खोटं बोलले. मी ख्रिस्ती आहे, पूजा करत नाही, हे सांगायची मला भीती वाटत होती. आणि दोन वर्षांपूर्वी ती बॅच परत आली ती डीह्युमिडिफायरमुळे नाही. ठोकळ्यावर ओलं कुंकू राहून गंज चढला होता. मला ते माहीत होतं आणि मी रिपोर्टमध्ये दुसरंच लिहिलं. गायकवाडची काही चूक नव्हती.

 परब आपल्या उजव्या हाताकडे बघत होता. तर्जनीला पेर नसल्यामुळे तो कुंकू मधल्या बोटाने आणि अनामिकेने लावतो. ते दोन ठसे कुणाचे, हे त्याला सांगावं लागलं नाही.

"सांगूचा नाय काय मॅडम," तो शेवटी म्हणाला. त्याचा आवाज दुखावलेला होता. "देवीक डब्यार लावलेला पण चलता."

ठोकळे ज्या लाकडी डब्यात असतात त्याच्या झाकणावर कुंकू लावायचं, आणि प्रश्न संपला. चौदा वर्षं मी ज्या वादाला घाबरत होते, त्याला एवढंसं उत्तर होतं आणि ते परबजवळ तयार होतं. त्याला फक्त विचारायला हवं होतं. मी त्याच्याबद्दल काय धरून चालले होते, याची मला त्याच्यासमोर उभं राहून लाज वाटली.

गायकवाडचं समाधान तेवढ्यावर होणार नव्हतं, आणि का व्हावं? तो म्हणाला, "मॅडम, मेमो लेखी होता. हे पण लेखी द्या." मी म्हटलं, देते, जेवणाच्या आत देते. तो चहाला गेला. परब पाटावर बसला. मी मागे भिंतीशी हात बाजूला सोडून उभी राहिले, ना जोडले, ना काढता पाय घेतला. माझ्या मनात मी त्या दहा जणांची नावं घेऊन माझी प्रार्थना केली. ती मी रोजच करते, फक्त त्या दिवशी त्यांच्यात उभी राहून केली. पूजा झाल्यावर परब पेढे वाटत आला. मला त्याने वेगळ्या पुड्यातला दिला आणि हळूच म्हणाला, हा नैवेद्यातला नाही, आधीच काढून ठेवला होता. त्याचं मन त्यानंतर लगेच साफ झालं असं नाही, आठवडाभर तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. पण पेढा त्याने आठवणीने वेगळा ठेवला होता.

खरी झोंबाझोंबी वर केबिनमध्ये झाली. मी दोन कागद लिहून नेले. एक गायकवाडसाठी, दुसरा गिऱ्हाइकासाठी सुधारित रिपोर्ट. दुसरा बघून मेहता सरांचा तोल गेला.

"ते प्रकरण संपलंय. गिऱ्हाईक विसरलंय. कशाला उकरून काढतेस?"

"मूळ कारण बदललं तर सुधारित रिपोर्ट पाठवायचा, हा आपलाच नियम आहे सर."

"आणि ते गेले तर? पूजेचं मी समजून घेतलं मार्था, शब्दाने बोललो नाही. पण हे? तू न मोजता सही करत नाहीस म्हणून काल मला ऐकवलंस."

 मी म्हटलं, "केली होती सर, एकदा. तीच परत घेतेय." आणि खुर्चीवरून उठले नाही. अर्धा तास ते कधी रागावत होते, कधी मला विनवत होते. मी एवढंच म्हणत राहिले की चार्ज काढून घ्या, पण कागद जाऊ द्या. शेवटी त्यांनी सही केली.

गिऱ्हाईक गेलं नाही. त्यांचा माणूस येऊन दोन दिवस सगळं नव्याने तपासून गेला, मान खाली घालून मी प्रत्येक रजिस्टर दाखवलं. गायकवाडच्या फाइलमधून मेमो काढला गेला. त्याने स्वतः येऊन फाइल बघितली, तेव्हाच त्याची खात्री पटली. माझं प्रोबेशन आणखी सहा महिने वाढलं आणि मग चार्ज कायम झाला. दरवर्षी खंडेनवमीला मी सकाळी मशिनं तपासते, परब पूजेला बसतो, आणि कुंकू डब्याच्या झाकणावर असतं.

मेमो मलाही मिळाला. नोकरीतला पहिला आणि आजवरचा एकच. तो मी घरी कपाटात जपून ठेवलाय आणि पुन्हा वाचून बघितलाय. त्यात खोट्या नोंदीचा उल्लेख आहे, गिऱ्हाइकाची दिशाभूल केल्याचा आहे, सहकाऱ्यावर ठपका येऊ दिल्याचा आहे. पूजेबद्दल त्यात एक शब्दही नाही. माझ्या श्रद्धेपायी या कंपनीने मला कधी काही सोसायला लावलं नाही. ती लपवायला मी जी एक ओळ लिहिली तिच्यापायी मात्र सोसावं लागलं, आणि त्यातही पहिली दोन वर्षं गायकवाडने सोसलं.